आमची वाटचाल : पाच इंचांची पट्टी

पेठेतल्या कुठल्याही प्रेसमध्ये कटिंग मशीनच्या पायाशी एक पोतं असतं. लग्नपत्रिका मापात कापल्या की चारी बाजूंच्या पट्ट्या त्यात पडतात आणि रद्दीवाला ते पोतं किलोवर उचलतो. 2006 साली मी पहिलं पोतं रद्दीच्या भावावर दोन रुपये चढवून घेतलं, तेव्हा प्रेसचे मालक म्हणाले, "वहिनी, कचऱ्याला एवढे पैसे?" मला त्यातून हातानं शुभेच्छा कार्डं करायची होती. त्या कचऱ्यात 300 जीएसएमचं, म्हणजे चौरस मीटरला 300 ग्रॅम भरणारं, आर्ट कार्ड होतं, चमकदार मेटॅलिक होता, हातकागदाचे तुकडे होते. त्यातला एकही कागद तावावर विकत घेणं तेव्हा मला झेपलं नसतं.

भागीदार म्हणजे आमच्याच वाड्यातले बाइंडरकाका. भांडवल म्हणाल तर त्यांची घडी घालायची हाडाची पट्टी, एक दाभण, स्टीलची फूटपट्टी आणि माझा कटर. ती हाडाची पट्टी काकांच्या वडिलांची. वापरून वापरून एका बाजूला अंगठ्याएवढा खळगा पडलेला. मेटॅलिक कागदावर घडी पट्टीनं फार घासली की चकाकी उठते. काकांनी पहिले पंधरा दिवस मला कार्ड करूच दिलं नाही. नुसते कागद वाकवायला लावले. "अगं, कागदाला विचार आधी. जिकडे मुकाट वाकतो तिकडे घडी घाल. जिकडे अडतो तिकडे घातलीस तर घडीचं तोंड फुटणार." ग्रेन, म्हणजे कागदातल्या तंतूंची दिशा, हा शब्द मी नंतर शिकले, पण बोटांना तो आधीच कळला होता.

आमचं नाव झालं ते किल्ल्याच्या कार्डानं. 2009च्या दिवाळीत वाड्याच्या अंगणात मुलांनी किल्ला केला होता, तो बघून मी म्हटलं, कार्ड उघडलं की हा त्यातून उभा राहिला पाहिजे. अडचण कागदाची होती. पोत्यातली पट्टी क्वचितच पाच इंचांहून लांब निघायची. कार्ड बंद केल्यावर 5 बाय 7, म्हणजे घडीपासून कडेपर्यंत पाच इंच. किल्ल्याची प्रत्येक पायरी म्हणजे कार्डाच्या दोन पानांमध्ये दुमडून चिकटवलेली एक पट्टी. पायरीची खोली आणि उंची यांची बेरीज त्या पाच इंचांच्या आत राहिली नाही, तर कार्ड मिटल्यावर पायरीचा कोपरा बाहेर डोकावतो. चार दिवस कागद फुकट गेले आणि मग जमलं. पुढची पायरी तीन इंच खोल, एक इंच उंच. मधली दोन बाय दोन. मागचा बालेकिल्ला एक इंच खोल, तीन इंच उंच. प्रत्येकीची बेरीज चार, आणि चिकटवायला दोन्ही टोकांना अर्धा-अर्धा इंच. तिन्ही पायऱ्यांना पट्टी एकाच मापाची, पाच इंचांची! काकांनी हिशेब दोनदा तपासला आणि उठून चहा सांगितला.

शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई तेव्हापासून दरवर्षी चाळीस कार्डं नेतात. नेऊन आपल्या जुन्या विद्यार्थ्यांना टपालानं पाठवतात. पहिल्याच वर्षी परत आल्या. "कार्ड छान आहे गं, पण वीस ग्रॅमच्या वर जातंय. मला दुप्पट तिकीट पडतं." आम्ही तळाचा कागद 300 वरून 220 जीएसएमवर आणला. उघडं कार्ड 7 बाय 10, म्हणजे तळ दहा ग्रॅमच्या किंचित आत. किल्ला आणि पाकीट धरून एकोणीसवर काटा थांबला. आजही प्रत्येक नवं डिझाइन आधी वजनकाट्यावर जातं, मग गिऱ्हाइकासमोर.

आता 2013. हे लिहिताना अजून हात थरथरतो. भेटवस्तूंचा एक मोठा व्यापारी आला, दीड हजार किल्ले सांगितले आणि दोन नमुने घेऊन गेला. ॲडव्हान्स "पुढच्या आठवड्यात". आम्ही विश्वासावर चार मुली कामाला घेतल्या, चांगला कागद उधारीवर उचलला. नवरात्रापर्यंत अकराशे कार्डं तयार झाली आणि त्याचा निरोप आला, माल दुसरीकडून मिळाला, आता नको. आठवड्यात आमचाच किल्ला बाजारात दिसला. डाय, म्हणजे कापायचा साचा, करून एकाच कागदातून कापलेला, आमच्यापेक्षा निम्म्या भावात, आणि वर छापलेलं : हस्तनिर्मित. बुरुजाची नक्षीसुद्धा माझ्या हातची. फोन केला तर म्हणाला, "ताई, किल्ला काय तुमच्या मालकीचा आहे का?"

किल्ला माझ्या मालकीचा नाही. पण ती पाच इंचांची पट्टी माझी होती. हे त्या माणसाला तेव्हा सांगता आलं नाही, म्हणून इथे सांगते.

पाटल्या गहाण पडल्या. मुलींचे पैसे मी थकवले नाहीत, पण काकांनी त्या दिवाळीला स्वतःचा एक रुपया घेतला नाही. बाई नेहमीची चाळीस कार्डं न्यायला आल्या, अकराशेची चळत बघून खुर्चीवर बसल्या आणि तिथेच वही उघडून विद्यार्थ्यांना फोन लावू लागल्या. भाऊबीजेपर्यंत सातशे कार्डं गेली. उरलेली चारशे पुढच्या वर्षी.

या धंद्यात नव्यानं येणाऱ्यांनी एवढं ऐकावं. ॲडव्हान्सशिवाय नमुना हातातून सोडू नका. दाखवा, उघडून दाखवा आणि परत घ्या. पोतं पावसाळ्यात जमिनीवर ठेवू नका, ओल धरलेली पट्टी कधीच सरळ उभी राहत नाही. मोरचूद घातलेली खळ पुस्तकाच्या पुठ्ठ्याला उत्तम, पण पातळ कागद तिच्या पाण्यानं फुगतो. फेविकॉलही बोटानं नको, पट्टीच्या कडेनं ओढून लावा.

मधली वर्षं बरी गेली. 2020 साली लग्नपत्रिकाच छापल्या जाईनात, तिथे कतरण कुठून येणार? तेव्हा घरातल्या जुन्या पत्रिका कापल्या. पुढच्या वर्षी काका गेले. हाडाची पट्टी काकूंनी माझ्या हातात ठेवली. खळगा काकांच्या अंगठ्याचा आहे, माझा त्यात अजून नीट बसत नाही.

त्या व्यापाऱ्याचं एक कार्ड मी तेव्हा विकत घेतलं होतं, ते टेबलाच्या खणात आहे. नव्या मुलींना पहिल्या दिवशी तेच दाखवते. ग्रेनच्या आडवी घडी घातलेली, म्हणून ती पांढरी फुटली आहे. आणि पायऱ्या तळाच्याच कागदातून कापून काढल्यामुळे मागे खिडक्या पडल्यात. परवा एकीनं ते उघडून हातात धरलं, तर तिचं बोट मागून शिरून सरळ बालेकिल्ल्यातून बाहेर आलं.