लेकरांना घेऊन गोकाक: आमची दुसरी खेप

गेल्या पावसाळ्यात आम्ही एकाच दिवसात राजहंसगड, गोकाकचा धबधबा आणि हिडकलचं धरण असं सगळं उरकायचं ठरवलं होतं. गडावरच दुपार झाली. पुढं गाडीत धाकट्याला दोनदा उलटी झाली, थोरली भुकेनं रडून रडून लाल झाली, आणि धबधबा न बघताच आम्ही बेळगावला परतलो. वर्षभर मला त्याची रुखरुख लागून राहिली.

यंदा श्रावणातल्या एका रविवारी पुन्हा निघालो. सासूबाईंनी आधीच बजावलं, "पोरांच्या जेवणाच्या आणि झोपेच्या वेळा अगोदर मांड. मग कुठं जायचं ते ठरव." धाकटा तीन वर्षांचा, बाराच्या सुमाराला त्याचे डोळे मिटायला लागतात. म्हणून परतीचा प्रवास बरोबर त्या वेळेला ठेवला. सकाळी निघताना दूध दिलं नाही, नुसती अर्धी दशमी आणि केळं. गेल्या खेपेला पोटभर दूध पाजून गाडीत बसवलं होतं, तीच चूक. बरोबर दह्यातला भात, धपाटे, शेंगांची चटणी, दोन जोड कपडे, जुना टॉवेल आणि चार पिशव्या घेतल्या.

साधारण साठ किलोमीटरचा रस्ता. मध्ये दोनदा थांबून नऊच्या आत पोचलो, अजून गर्दी नव्हती. धबधबा दिसायच्या आधी ऐकू येतो, आणि त्या आवाजालाच धाकटा घाबरला. माझ्या गळ्याला घट्ट मिठी मारून म्हणाला, "घरी जाऊया." त्याला तसंच पुढं नेलं असतं तर सगळा दिवस बिघडला असता. मी त्याला घेऊन जवळच्या महालिंगेश्वराच्या देवळात जाऊन बसले. चालुक्यांच्या काळातलं ते दगडी देऊळ, आत गारवा. पंधरा-वीस मिनिटं तो खांबांवरून बोटं फिरवत बसला, मग आपणहून विचारलं, "आई, एवढं पाणी कुठनं येऊलंय?"

तेव्हा त्याला कडेवर घेऊन कठड्यापासून चांगलं मागं उभी राहिले. घटप्रभा तिथं सुमारे ५२ मीटर खाली कोसळते, घोड्याच्या नालेसारखी वळून. पावसाळ्यातलं पाणी अगदी चहाच्या रंगाचं. त्या पाण्याच्या जोरावर १८८७ मध्ये इथं सुताची गिरणी सुरू झाली, हे मी थोरलीला सांगितलं. "पाण्यानं दोरा कसा होतो?" यावर ती बराच वेळ अडून बसली. तिचे बाबा दगडावर काडीनं चक्र काढून समजावत होते, आणि मला तो अर्धा तास सगळ्या सहलीत जास्त मोलाचा वाटला. कातळावर शेवाळ असतं. कडेला फोटो काढायला जाणारी माणसं पाहून माझा जीव खालीवर होत होता. आम्ही पोरांचा हात एकदाही सोडला नाही.

सासूबाईंनी भाजलेली कणसं घेतली. विकणाऱ्या बाईंशी त्यांचं कानडीत घरदार, पाऊसपाणी सगळं बोलून झालं. कणीस हातात देताना त्या बाई धाकट्याला म्हणाल्या, "बिसी ऐती, तम्मा." गरम आहे, हे त्याला न सांगता कळलं.

अकराला जेवलो. गोकाकात करदंट घेतलं, गूळ, डिंक आणि सुक्या मेव्याचं. बाराला निघालो तर दोघंही गाडीत झोपली, थेट बेळगावपर्यंत.

तिन्हीसांजेच्या आधी तास हाताशी होता, म्हणून बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती, म्हणजे जुनं जैन देऊळ, केली. घराजवळची असूनही मुलांना कधी नेली नव्हती. रट्ट घराण्यातल्या चौथ्या कार्तवीर्य राजाच्या बिचिराज नावाच्या मंत्र्यानं १२०४ मध्ये ती बांधली, आत नेमिनाथांची मूर्ती आहे. छतातून उलटं कमळ लोंबतं. थोरली मान वर करून पाकळ्या मोजायला लागली, हिशेब चुकला की पुन्हा पहिल्यापासून. आम्ही कुणी घाई केली नाही. दिवसभरात बघायचं असं काही उरलंच नव्हतं, म्हणून तिला हवा तेवढा वेळ देता आला.

रात्री धाकट्यापुढं दुधाचा पेला ठेवला. त्यानं बोट लावून पाहिलं आणि आजीकडं वळून म्हणाला, "आज्जी, बिसी ऐती."