१९९८ची मारुती ८००: बॅटरी उतरण्यामागची दोन लिकेज

गाडी कार्ब्युरेटरवाली, बॅटरी ३५ एएच (अँपियर-तास). सोसायटीच्या पार्किंगमध्ये तीन-चार दिवस उभी राहिली की सेल्फ नुसता टकटक करतो.

आधी बॅटरीच तपासली. फुल चार्ज करून, थिंबल (वायरीच्या टोकाचं धातूचं कडं) काढून रात्रभर ठेवली, सकाळी १२.६ व्होल्ट कायम, लोड टेस्टही (भार देऊन घेतलेली चाचणी) पास. ही पायरी गाळू नका, नाहीतर मेलेल्या बॅटरीपायी अख्खं वायरिंग उसवलं जातं. मुंबईच्या दमट हवेत बॅटरीच्या झाकणावरचा ॲसिडमिश्रित चिकटाही करंट वाहतो. मल्टिमीटरचा एक प्रोब (टोक) निगेटिव्हवर आणि दुसरा झाकणावर टेकवून व्होल्ट दिसले, तर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात फडका बुडवून पुसायचं. बुचं मात्र घट्ट लावलेली हवीत.

मग निगेटिव्ह थिंबल सोडवून थिंबल आणि पोलच्या मध्ये मीटर जोडला, लाल प्रोब १० अँपियरच्या सॉकेटमध्ये. दाराचे खटके टेपने दाबून ठेवले, कारण केबिनमधला ५ वॅटचा बल्ब एकटाच ०.४ अँपियर खातो. मीटर जोडलेला असताना चावी फिरवायची नाही. सेल्फने ओढ घेतली की मीटरचा फ्यूज गेलाच.

रात्रभर थंड झालेल्या गाडीचं रीडिंग ०.२२ अँपियर. दिवसाला ५.३ एएच, म्हणजे सव्वातीन दिवसांत अर्धी बॅटरी रिकामी. एकेक फ्यूज काढत गेल्यावर स्टिरिओच्या फ्यूजला आकडा ०.०४वर आला. ॲम्प्लिफायरची निळी रिमोट वायर (ॲम्प चालू-बंद करणारी) आधीच्या कोणीतरी मेमरीच्या, कायम करंट असलेल्या पिवळ्या वायरीला पिळून ठेवलेली, त्यामुळे ॲम्प कायम चालू. ती डेकच्या (स्टिरिओच्या) निळ्या वायरीवर नेली, जोड सोल्डर करून हीटश्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवली.

इथेच बहुतेकजण थांबतात. ५० मिलीअँपियरपर्यंत चालतं, असं सगळे सांगतात, पण ती सवलत कंप्युटरवाल्या गाड्यांची. या गाडीत ईसीयू (इंजिनचा कंप्युटर) नाही आणि स्टिरिओचा फ्यूजही बाहेर आहे, तर ४० मिलीअँपियर पितंय कोण? उरलेले सगळे फ्यूज काढले तरी आकडा तसाच. म्हणजे संशय फ्यूज बॉक्समधून न जाणाऱ्या जाड वायरींवर.

इंजिन चांगलं तापवून, बंद करून पुन्हा मोजलं: ०.१३. गरम झाल्यावर लिकेज तिपटीहून जास्त, हे ऑल्टरनेटरमधल्या (इंजिन चालताना बॅटरी चार्ज करणारं जनित्र) डायोडचं, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागाचं, लक्षण. निगेटिव्ह काढून ऑल्टरनेटरच्या बी टर्मिनलची, बॅटरीकडे जाणारी जाड वायर सोडवली, टोकाला टेप गुंडाळली आणि मीटर परत जोडला. रीडिंग शून्याजवळ.

ऑल्टरनेटर खोलून डायोड प्लेट तपासली. चांगला डायोड एका दिशेने ०.५ ते ०.६ व्होल्ट दाखवतो, उलट दिशेने काहीच नाही. सहापैकी एक दोन्हीकडून वाहत होता. असा डायोड असला तरी चार्जिंग बऱ्यापैकी होत राहतं, म्हणून डॅशवरचा लाल दिवा काही सांगत नाही.

प्लेट कुर्ल्याच्या सीएसटी रोडला मिळते, पण जुनी सोबत न्या. ऑल्टरनेटरच्या मेकप्रमाणे भोकांचं अंतर बदलतं. स्टेटरच्या (ऑल्टरनेटरमधल्या स्थिर गुंडाळीच्या) तिन्ही तारा सोल्डर करताना डायोडचा पाय पक्कडीत धरा, म्हणजे उष्णता पक्कड ओढून घेते. कमी वॅटची सोल्डरिंग गन फार वेळ टेकवावी लागते, त्यात नवा डायोडही जातो.

सगळं जोडल्यावर गरम इंजिनला ८ मिलीअँपियर, तेवढी फक्त स्टिरिओची मेमरी. आता राहिलंय गिअरबॉक्सकडच्या अर्थ स्ट्रॅपचं (निगेटिव्ह जोडणाऱ्या पट्टीचं) हिरवं पडलेलं थिंबल बदलणं. त्याचा या लिकेजशी संबंध नाही, पण सेल्फ जड फिरतो तो त्यामुळेच.