कॅरोकीलच्या दगडराशी

आयर्लंडमध्ये डब्लिनहून स्लायगोकडे जाताना कॅसलबाल्डविनपाशी मुख्य रस्ता सोडला की ब्रिकलीव्ह डोंगर लागतात. डोंगर म्हणजे चुनखडीचे लांबट कडे, मधे खोल घळी आणि वर पीटची, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची, ओली, पाय रुतणारी जमीन. वाट सोपी आहे, वारा मात्र अजिबात सोपा नाही. चढून आलं की माथ्यामाथ्यावर करड्या दगडांच्या राशी दिसू लागतात. हेच कॅरोकील. पिरॅमिडांच्याही आधीची, पाच हजार वर्षांपूर्वीची ही दफनस्थळं.

इतक्या जुन्या थडग्यांची नावं मात्र जी, एच, के अशी! मॅकॅलिस्टर, आर्मस्ट्राँग आणि प्रेगर या मंडळींनी १९११ मध्ये इथे खणलं आणि राशींना अक्षरं लावली. आजच्या मानाने ते उत्खनन फारच घाईचं. तरी तेव्हा काढलेली हाडं केंब्रिजमध्ये टिकली, म्हणून शंभर वर्षांनी ती पुन्हा तपासता आली. काही हाडांवर कापल्याच्या खुणा सापडल्या. म्हणजे मृतदेहांचे अवयव सांध्यांपाशी वेगळे केले जात. २०२० मधल्या डीएनए अभ्यासात तर इथल्या माणसांचं न्यूग्रेंज या प्रसिद्ध प्राचीन थडग्यात पुरलेल्या एका पुरुषाशी दूरचं नातं निघालं. न्यूग्रेंज आहे पार देशाच्या दुसऱ्या किनाऱ्याकडे. सरसकट कोणालाही पुरण्याची ही जागा नसावी, एवढं तरी त्यावरून वाटतंच.

सगळ्यात जास्त वेळ मी 'जी'पाशी घालवला. दाराच्या आडव्या शिळेवर एक छोटा झरोका आहे. न्यूग्रेंजच्या झरोक्यातून हिवाळ्यातला उगवता सूर्य आत येतो, इथे उन्हाळ्यातला मावळता. आत न शिरता दारातूनच बॅटरी मारली. अरुंद वाट, पुढे दालन, त्याला तीन कोनाडे; वर एकावर एक पुढे सरकवलेल्या शिळांचं छत. चुना नाही, माती नाही, नुसता वजनांचा तोल. न्यूग्रेंजची पांढरी, नव्याने उभारलेली भिंत मला कधीच पटली नाही. इथे तसली सजावट नाही, तिकीटही नाही.

हवा स्वच्छ असेल तर 'के'पासून उत्तरेला नॉकनारी डोंगर दिसतो, ३२७ मीटर उंच. त्याच्या माथ्यावरचा फुगवटा म्हणजे दंतकथांमधल्या राणी मेव्हची रास: सुमारे ५५ मीटर रुंद, १० मीटर उंच. तिचं उत्खनन अजून झालेलं नाही. १९११ची घाई पाहता बरंच झालं. तिच्यावर चढू नका अशी विनंती केली जाते, कारण पायांनी दगड घसरतात. तरी लोक चढतातच.