नैरोबीत एकटीने नऊ दिवस

नैरोबीच्या मोई अव्हेन्यूवर मी मोबाइल हातात धरून नकाशा बघत उभी होते. बाजूने जाणारी एक बाई थांबली. वयाने माझ्या आईएवढी, डोक्याला फडकं बांधलेलं, हातात भाजीची पिशवी. हलक्या आवाजात म्हणाली, "वेका सिमू न्दानी, दादा." फोन आत ठेव, ताई. स्वाहिलीत दादा म्हणजे बहीण आणि काका म्हणजे भाऊ, त्यामुळे पहिले दोन दिवस माझा फार गोंधळ उडायचा. मी फोन पर्समध्ये टाकला, तरी तिचं समाधान झालं नाही. तिने माझी पर्स पाठीवरून ओढून पोटावर आणली, चेन लावली आणि माझाच हात त्या चेनवर नेऊन ठेवला. मग कुठे जायचंय ते विचारून बियाशारा स्ट्रीटच्या कोपऱ्यापर्यंत सोबत आली. हा रस्ता म्हणजे पूर्वीचा इंडियन बाझार. कांगा आणि किकोई कापडांची दुकानं आजही तिथे आहेत.

नैरोबीला एकटीने निघालेल्या कुणीही माझ्याकडून एवढंच घेतलं तरी चालेल: तिथल्या बायका काय करतात ते बघायचं आणि तसंच करायचं.

मी निघतेय हे ज्यांनी ज्यांनी ऐकलं, त्यांचा प्रश्न एकच होता, "आफ्रिकेत? एकटी?" त्यात काळजी होती, आणि थोडी काळ्या रंगाची भीतीही होती. ती आपल्याकडे आहे, हे कबूल करायला हवं. नैरोबीत जपायचं ते ठरावीक वेळांना, ठरावीक रस्त्यांवर आणि ठरावीक युक्त्यांपासून. तिथल्या बायकाही तेवढंच जपतात.

आधी कागदपत्रं. जानेवारी २०२४ पासून केनियाने व्हिसा बंद करून ईटीए, म्हणजे प्रवासाचा इलेक्ट्रॉनिक परवाना, सुरू केला आहे. तो निघण्याआधी ऑनलाइन काढायचा, त्यासाठी राहण्याचा पत्ता आणि विमानाची तिकिटं लागतात. पिवळ्या तापाची लस निदान दहा दिवस आधी घ्या आणि ते पिवळं कार्ड पासपोर्टच्या आतच ठेवा. परत येताना ते भारतात विचारतात, नसेल तर विलगीकरणात राहावं लागतं. प्लास्टिकच्या कॅरीबॅगना तिथे ऑगस्ट २०१७ पासून बंदी आहे, म्हणून चपला, लाडू, चिवडा सगळं कापडी पिशव्यांत भरा. आणि मंगळसूत्र, चेन, पाटल्या घरी ठेवा. मी माझं मंगळसूत्र कपाटात ठेवून गेले. सासूबाईंना ते रुचलं नाही, पण भारतीय म्हणजे पैसेवाले अशी तिथे समजूत आहे आणि गळ्यातलं सोनं लांबून दिसतं.

मुंबईहून थेट विमान साधारण सहा तासांत पोचतं. दिवसा उतरणारंच निवडा, चार पैसे जास्त गेले तरी. विमानतळावरच पासपोर्ट दाखवून सिमकार्ड घ्या आणि एम-पेसा सुरू करून घ्या. २००७ मध्ये सुरू झालेली ही मोबाइलवरच्या पैशांची सोय आता भाजीवालीपासून टॅक्सीवाल्यापर्यंत सगळ्यांकडे आहे. त्यामुळे रोख फार बाळगावी लागत नाही आणि भर रस्त्यात पाकीट उघडायची वेळ येत नाही. पाठवताना समोरच्याचं नाव दिसतं, ते वाचूनच पुढे जा. "चुकून तुमच्या नंबरवर पैसे आले, परत पाठवा" असा मेसेज किंवा फोन आला, तर आधी स्वतःची शिल्लक तपासा. बहुतेक वेळा काहीही आलेलं नसतं.

राहायला मी पार्कलँड्समध्ये एका कुटुंबाने चालवलेलं गेस्टहाउस घेतलं. फाटकावर रात्रंदिवस अस्कारी, म्हणजे पहारेकरी, आणि आत येणाऱ्या प्रत्येकाची वहीत नोंद. स्वस्त पडतो म्हणून रिकामा फ्लॅट भाड्याने घेण्याचा मोह टाळा. जानेवारी २०२४ मध्ये नैरोबीत अशा थोड्या दिवसांच्या भाड्याच्या घरांत तरुण मुलींचे खून झाले. त्या महिन्याच्या २७ तारखेला हजारो बायका रस्त्यावर उतरल्या होत्या. गेस्टहाउसची मालकीण त्या मोर्चात होती. पहिल्या संध्याकाळी चहा देताना तिने मला विचारलं, "तू कुठे आहेस हे रोज रात्री कुणाला कळतं?" मी नवऱ्याचं नाव सांगितलं. ती म्हणाली, "तो समुद्रापलीकडे आहे. इथलं कोण?" त्या दिवसापासून बाहेर पडताना मी तिला सांगून जायचे आणि गाडीत बसले की नंबरप्लेट पाठवायचे. तुम्हीही उतराल तिथे अशी एक बाई आधी शोधा.

आता वेळेचं. विषुववृत्त जवळ असल्याने नैरोबीत वर्षभर साडेसहाच्या आसपास सूर्य मावळतो. मी नोव्हेंबरात गेले होते, तेव्हा तर सव्वासहा-साडेसहालाच. आपल्यासारखी लांबलेली संध्याकाळ तिथे नाही, वीस-पंचवीस मिनिटांत मिट्ट होतं. त्यात नोव्हेंबर म्हणजे पावसाचा महिना. चौथ्या दिवशी मी केनिया रेल्वेच्या संग्रहालयात रमले. युगांडा रेल्वे बांधायला १८९६ पासून हिंदुस्थानातून बत्तीस हजारांच्या आसपास मजूर नेले होते, त्यांतले अडीच हजार तिथेच दगावले. त्या खोल्यांमधून पाय निघत नव्हता. बाहेर आले तर साडेपाच झालेले आणि पाऊस सुरू. पाऊस पडला की नैरोबीतली वाहतूक गच्च होते, मटाटूंचं, म्हणजे खासगी मिनीबसचं, भाडं वाढतं आणि टॅक्सीवाले फेऱ्या रद्द करतात. माझ्या तीन रद्द झाल्या. चौथा आला, पण गाडी दुसरी आणि नंबरप्लेटही दुसरी. म्हणे भावाची गाडी आहे. मी बसले नाही. तो रागावला, मी तशीच वळून जवळच्या मोठ्या हॉटेलच्या लॉबीत गेले, चहा मागवला आणि बसून राहिले. साडेसातला पाचवी गाडी मिळाली. दारातल्या अस्कारीने छत्री धरून नंबर मोठ्याने वाचला, मी तो मोबाइलशी ताडला आणि मग आत बसले. दोन तास गेले आणि चहा महाग पडला, पण पुन्हा तशी वेळ आली तर मी हेच करीन.

म्हणून टॅक्सीचं एवढं पाळा: गाडी रस्त्यावर उभं राहून बोलावू नका, इमारतीच्या आतून बोलवा. नंबरप्लेट आणि चेहरा दोन्ही जुळले पाहिजेत. "फेरी रद्द करा, रोख द्या, स्वस्तात नेतो" याला सरळ नाही म्हणा, कारण मग तुम्ही कुठे आहात याची कुठेच नोंद उरत नाही. मागे बसा, दारं लॉक, काचा वर. सिग्नलला थांबलेल्या गाडीच्या खिडकीतून फोन ओढून नेतात. बोडा-बोडा, म्हणजे मोटारसायकल टॅक्सी, मी एकदाही घेतली नाही. मटाटूने मात्र गेले, पण दिवसा, मालकिणीच्या मुलीबरोबर. त्या गाड्यांवरची चित्रं आणि आतली गाणी बघण्यासारखी असतात. उतरायचं असेल तर "शुशा हापा" म्हणा.

शहराच्या मधल्या भागात सकाळी दहा ते चार बिनधास्त फिरा. मोई अव्हेन्यूच्या पलीकडे, टॉम म्बोया स्ट्रीट आणि रिव्हर रोडकडे गर्दी दाट होते. तिकडे माहितगाराशिवाय जाऊ नका आणि अंधारात तर मुळीच नको. एक जुनी युक्ती अजून चालते. सभ्य दिसणारा तरुण गप्पा सुरू करतो, शेजारच्या देशातून आलेला विद्यार्थी म्हणून फीसाठी मदत मागतो, आणि तो गेला की साध्या कपड्यांतले "पोलीस" येऊन तुम्ही गुन्हेगाराला पैसे दिलेत म्हणून धमकावतात. अशा वेळी जागचं हलू नका, कुणाच्या गाडीत बसू नका, जवळच्या दुकानात किंवा बँकेत शिरा आणि "पोलीस ठाण्यातच बोलू" एवढंच म्हणत राहा. अनोळखी माणसाला टाळायला "हपाना, असान्ते", म्हणजे "नको, धन्यवाद", पुरतं. चालत राहून म्हणायचं, थांबून नाही.

आणखी एक गोष्ट मला मालकिणीने बजावून सांगितली आणि ती मी विसरू शकत नाही. चोर दिसला तरी "म्विझी!" असं ओरडण्याआधी विचार कर. त्या शब्दाने रस्ता धावून येतो आणि हाती लागलेल्या माणसाला, तो खरा असो वा खोटा, जिवानिशी मारल्याचे प्रकार झाले आहेत. फोन गेला तर जाऊ दे, ती म्हणाली.

सकाळी मोकळ्या हवेत एकटीने चालायचं असेल तर करुराच्या जंगलात जा. शहराच्या पोटातलं हे हजार हेक्टरांहून मोठं रान, आत धबधबा, बांबू, माकडं आणि मैलोन्‌मैल पायवाटा. एकेकाळी तिथे पाऊल टाकायला लोक घाबरायचे. १९९० च्या दशकाच्या शेवटी तिथली जमीन बिल्डरांना वाटली जात होती. ती वाचवायला पर्यावरणासाठी लढणाऱ्या वांगारी माथाई उभ्या राहिल्या. जानेवारी १९९९ मध्ये रोप लावायला गेल्या असताना गुंडांनी त्यांना मारलं. डोक्यातून रक्त वाहत असताना त्या पोलीस ठाण्यात गेल्या आणि त्याच रक्ताने तक्रारीवर सही केली. २००४ मध्ये त्यांना नोबेल शांतता पुरस्कार मिळाला. आज करुराला कुंपण आहे, गस्त आहे, आणि सकाळी सात वाजता मी तिथे एकट्या धावणाऱ्या बायका मोजायला लागले ते चाळीसपर्यंत मोजून सोडून दिलं. एका वळणावर एक मुलगी कानात काहीही न घालता धावत होती. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "मागून पावलं आली तर ऐकू यायला हवीत." म्हणजे त्या रानातही सावधपणा सुटलेला नव्हता. तिकिटाचे पैसे तिथे मोबाइलवरूनच द्यावे लागले, रोख घेतली नाही. मुख्य वाटा सोडू नका आणि पाचच्या आत बाहेर पडा.

याच शहरात वांगारी माथाईंच्या नावाचा रस्ता आहे. मार्च २०२२ मध्ये तिथेच बोडावाल्यांच्या जमावाने गाडी चालवणाऱ्या एका बाईवर हात टाकला. दोन्ही गोष्टी लक्षात ठेवूनच मी तिथून गेले.

कपड्यांचं विचाराल तर कुर्ता आणि जीन्स सगळीकडे चालली. तोकड्या कपड्यांवरून मटाटूच्या थांब्यावर एका बाईला भर रस्त्यात उघडं केलं, तेव्हा १७ नोव्हेंबर २०१४ ला "माझा पोशाख, माझी निवड" म्हणत नैरोबीच्या बायकांनी मोर्चा काढला होता. जून २०२४ मध्ये तरुणांचा जमाव संसदेत घुसला. त्या घटनेच्या २५ जूनला आणि १९९० च्या लोकशाही आंदोलनाच्या ७ जुलैला शहराच्या मध्यभागी आंदोलनं होतात, त्या तारखा टाळा.

लिहायला जड जातं, पण हे माहीत असू द्या. पोलिसांसाठी ९९९ किंवा ११२, बायकांवरच्या हिंसेसाठी ११९५. तशीच वेळ आली तर अंघोळ न करता, कपडे न बदलता थेट रुग्णालय. एचआयव्ही टाळण्याची औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. नैरोबी विमेन्स हॉस्पिटलमध्ये २००१ पासून यासाठी वेगळं केंद्र आहे. हे नंबर आणि आपल्या उच्चायुक्तालयाचा नंबर मी कागदावर लिहून बुटात ठेवले होते, कारण फोन गेला तर त्यातले नंबरही जातात.

परतताना विमानतळाच्या रस्त्यावर सुरक्षा चौकी लागते. तिथे प्रवाशांनी उतरून चालत तपासणीतून जायचं असतं, गाडी आणि बॅगा पुढे निघून जातात आणि पलीकडे आपल्यासाठी थांबतात. पासपोर्ट आणि पैशांची पर्स अंगावरच ठेवा. उतरण्याआधी गाडीचा नंबर पुन्हा एकदा पाठ करा, कारण पहाटेच्या अंधारात पलीकडे एकसारख्या वीस-पंचवीस पांढऱ्या गाड्या उभ्या असतात.