बेस अपडेट: मांडवातली गुणगुण, पी पिकअप आणि पाटीवर उरलेली तीन पेडलं

लई दिवसांनी लिहायलोय. मागच्या वेळी जे-बेस (जॅझ बेस धाटणीचा बेस गिटार) घेतल्याचं सांगितलं होतं, दोन सिंगल कॉइल पिकअपवाला (पिकअप म्हणजे तारेचं कंपन पकडून अँपकडं धाडणारा भाग), घरी त्याचा आवाज इतका गोड लागायचा की आता चार-पाच वर्षं दुसरं काही बघायचंच नाही असं ठरवलं होतं. ते एप्रिलमधेच मोडलं. का मोडलं ते सविस्तर लिहितो कारण परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर, कुठंही मांडवात वाजवणाऱ्याला हा त्रास होतोच, आणि तो नेमका कशाचा आहे हे कळायला मला दीड महिना लागला.

आमची पार्टी सहा जणांची, दोन गायक, ढोलक, ऑक्टोपॅड, कीबोर्ड आणि मी. १४ एप्रिलपासून मे संपेपर्यंत जयंतीचे कार्यक्रम, आज या गावात उद्या त्या गावात. पूर्णा तालुक्यातल्या एका गावी शाळेच्या मैदानावर स्टेज होतं, जनरेटर मांडवाच्या मागंच आणि लाइटवाल्याचा डिमर (लाइट कमी-जास्त करायचा डबा) माझ्यापासून चार हातावर. गायकाची पट्टी पांढरी पाच, म्हणजे जी. मी ई तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर (पडद्यावर) सा धरला की सूर हेलकावे खायचा, फुगायचा अन् बसायचा, साधारण सेकंदाला एकदा. मला वाटलं तार उतरली. ट्यूनर बघितला तर काटा मधोमध. पुन्हा वाजवलं तर पुन्हा तेच. दोन गाण्यांच्या मधे तीनदा तार लावली मी त्या रात्री, ढोलकवाले मामा माझ्याकडं बघायलेत अन् मला काही सुचंना.

घरी येऊन आकडे मांडले तेव्हा उलगडा झाला. बेसच्या उघड्या ई तारेचा सूर ४१.२ हर्ट्झ, तिसऱ्या फ्रेटवरचा जी ४९ हर्ट्झ. आणि आपल्या लाइटची, म्हणजे विजेची, वारंवारता ५० हर्ट्झ! म्हणजे पिकअपमधून येणारी गुणगुण जी आणि जी शार्पच्या मधे कुठंतरी, जीच्या अगदी बाजूला येऊन बसती. ४९ आणि ५० एकत्र वाजले की सेकंदाला एक हेलकावा येणारच. वरच्या सप्तकातला जी ९८ आणि गुणगुणीचा दुसरा थर १०० हर्ट्झचा, तिथं सेकंदाला दोन. पट्टी काळी एक किंवा पांढरी दोन असती तर मला हे कदाचित कधी कळलंच नसतं. जनरेटरवर तर अजून एक गंमत बघितली, लाइटवाल्यानं स्टेजचे सगळे पार लाइट एकदम पेटवले की इंजिन क्षणभर दबतं अन् गुणगुणीचा सूर पण खाली सरकतो, कान देऊन ऐकलं तर स्पष्ट कळतं.

आता ही गुणगुण दोन वाटांनी येती आणि दोन्ही वाटा वेगळ्या आहेत, इथंच माझा सगळा वेळ गेला. पहिली वाट पिकअपची. सिंगल कॉइल म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेली एकच गुंडाळी, तिला तारेचं कंपन जसं कळतं तसंच ट्रान्सफॉर्मरचं नि डिमरचं चुंबकीय क्षेत्र पण कळतं. ओळखायची खूण सोपी आहे, बेस गळ्यात घालून उभ्या जागी हळूहळू अंग फिरवा. एका दिशेला गुणगुण वाढली आणि दुसरीकडं तोंड केल्यावर कमी झाली तर ती पिकअपमधूनच येतीय. दुसरी वाट अर्थिंगची, म्हणजे ग्राउंड लूप, दोन उपकरणं दोन वाटांनी अर्थला जोडली की त्यातून येणारी गुणगुण. तिथं तुम्ही कितीही फिरा, फरक पडत नाही.

मी आधी बेसच्या पोटात तांब्याची पट्टी चिकटवली, पूर्ण कॅव्हिटी मढवली, सोल्डर करून ग्राउंडला जोडली. चार तासांचं काम होतं. डिमरची ती बारीक चिरचिर खूप कमी झाली, पण ५० हर्ट्झ जशाला तसं. त्याचं कारण असं की पातळ तांबं चिरचिरीला अडवतं, इतक्या खालच्या चुंबकीय क्षेत्राला ते अडवू शकत नाही. तरी पट्टी चिकटवाच, फक्त तिच्याकडून भलती अपेक्षा ठेवू नका.

जे-बेसवर दोन्ही पिकअपचे व्हॉल्यूम पूर्ण उघडले की गुणगुण मरते, कारण दोन गुंडाळ्या एकमेकींच्या उलट असतात. हे मला माहीत होतं, करून बघितलं. पण दोन्ही पिकअप एकदम चालू केले की मधल्या पट्ट्यात खड्डा पडतो, तो खड्डा घरी एकट्यानं वाजवताना लई गोड लागतो आणि मांडवात कीबोर्डवाल्यानं डाव्या हातानं कॉर्ड धरली की बेस त्यात बुडून जातो.

म्हणून पी पिकअपकडं, म्हणजे प्रिसिजन बेसच्या पिकअपकडं वळलो. लिओ फेंडरनं प्रिसिजन बेस १९५१ ला काढला तेव्हा त्यात साधा सिंगल कॉइल होता. १९५७ ला त्याचे दोन तुकडे केले, अर्धा तुकडा ई आणि ए तारेखाली, अर्धा डी आणि जी तारेखाली, दोन्हींची गुंडाळी आणि चुंबक एकमेकांच्या उलट. तारेचा आवाज शाबूत राहतो, गुणगुण आपोआप कटते, एकही नॉब फिरवावा लागत नाही. इतक्या वर्षांपूर्वीची ही युक्ती परभणीच्या मांडवात तंतोतंत उपयोगी पडायलीय याचं मला अजून अप्रूप वाटतं.

मे महिन्यात एका कामानं देवगिरी एक्सप्रेसनं मुंबईला गेलो होतो तेव्हा धोबी तलावला फुर्टाडोज या वाद्यांच्या दुकानात तासभर बसून चार-पाच बेस हातात घेतले. घेतला मात्र सेकंड हँड, छत्रपती संभाजीनगरच्या एका पोराकडून, स्क्वायरचा पीजे, ११,५०० ला. पीजे म्हणजे पुढं पी पिकअप आणि ब्रिजजवळ एक जे. मांडवात जेचा नॉब पूर्ण बंद, घरी सरावाला थोडा उघडतो. बघायला गेलो तेव्हा छोटा अँप सोबत नेला होता आणि त्या पोराच्या खोलीतल्या ट्यूबलाइटखाली मुद्दाम वाजवून बघितला. सेकंड हँड घेणाऱ्यांनी हे कराच. प्रत्येक फ्रेटवर प्रत्येक तार वाजवा, नॉब फिरवताना खरखर येती का ऐका, आणि नेककडं टोकाकडून एका डोळ्यानं बघा.

नेकचं थोडं. आपल्याकडं मेमधे ४२-४३ डिग्री कोरडी हवा आणि जुलैत सगळं ओलसर, लाकूड हलणारच. उन्हाळ्यात फ्रेटबोर्ड सुकून आकसतं अन् फ्रेटची टोकं तळहाताला टोचतात, पावसाळ्यात नेक पुढं वाकून तारा वर येतात. मी पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर तार दाबून सातव्या-आठव्या फ्रेटपाशी फट बघतो, साधारण ०.३ मिलिमीटर ठेवतो. ट्रस रॉडला (नेकच्या आतल्या, वाक कमी-जास्त करायच्या सळईला) एका वेळी पाव फेराच द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बघायचं. आणि गाडी उन्हात उभी असेल तर बेस आत ठेवू नका रे बाबांनो, कार्यक्रमाला लवकर पोचलो तर मी बेस खांद्यावर घेऊनच सावलीला बसतो.

आता पेडल, म्हणजे पायानं चालू-बंद करायचे आवाज बदलणारे डबे. सात होती, पाटीवर तीन उरलीत.

ट्यूनर राहिला, बॉसचा टीयू-३. तो म्यूटचं बटण म्हणून पण लागतो, निवेदक बोलत असताना आपला एकही आवाज जायला नको.

दुसरा कंप्रेसर, जोरात वाजलेला सूर दाबून आवाज एकसारखा करणारा. रेशो (किती दाबायचं) ४:१ च्या आसपास, आणि अटॅक (किती लवकर दाबायचं) मुद्दाम हळू ठेवलाय. अटॅक जलद ठेवला की बोटाचा पहिला ठोका चिरडला जातो, मंग ढोलकच्या थापेसोबत बेस बसत नाही. हळू ठेवला की ठोका निसटून पुढं जातो आणि मागचा सूर तेवढा एकसारखा होतो. भीमगीतात ठेका चढत्या लयीत जातो, हात जोशात येतो, तेव्हा कंप्रेसर नसला तर माझा प्रत्येक चौथा सूर फुटायचा.

तिसरा प्रीअँप-डीआय, बेसचा आवाज घडवून थेट साउंडवाल्याच्या मिक्सरला देणारा, ब्लेंड नॉबवाला. ब्लेंड हवाच. ट्यूब स्क्रीमरसारखा ओव्हरड्राइव्ह गिटारसाठी बनलेला आहे, त्याचं क्लिपिंग (आवाज फाडणं) साधारण ७२० हर्ट्झच्या वरच जास्त होतं, गिटारला ते बरोबर आहे पण बेसचा तळ त्यात पातळ होतो. ब्लेंडनं स्वच्छ आवाज खाली तसाच राहतो आणि वरून थोडी धार मिसळता येती.

या प्रीअँपवर बेसचा नॉब मी तीन वाजता ठेवायचो, म्हणजे बराच वर. मोबाइलवरचं रेकॉर्डिंग अण्णांना ऐकवलं. अण्णांनी तीस-एक वर्षं भजनात पखवाज वाजवलाय. दोन मिनिटं ऐकलं अन् म्हणाले, "कणीक लई लावलीस रे." पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणकेचा गोळा थापतात, थोडी असली की खर्ज घुमतो, जास्त झाली की आवाज बसतो, बोल उमटत नाहीत. मी म्हणलं, "अण्णा, पण तुम्हाला बेस कमी ऐकू येईल की." तर म्हणे, "काढून बग आधी." नॉब बारावर आणला, मिड थोडा वाढवला, आणि पुढच्या कार्यक्रमात साउंडवाल्यानं स्वतःहून येऊन सांगितलं की आज बेसचा एकेक सूर कळायलाय. साउंडवाल्याचे १८ इंची बिन (खालच्या सुरांचे मोठे स्पीकर) आधीच ५०-६० हर्ट्झला फुगवून ठेवलेले असतात, त्यात आपण अजून भर घातली की नुसता गडगडाट होतो. सूर ओळखू येतो तो २५० ते ८०० च्या पट्ट्यात.

ऑक्टेव्हर (एक सप्तक खालचा सूर जोडणारं पेडल) पिशवीत असतो, दोनच गाण्यांना काढतो. उघड्या ई तारेच्या खालचं सप्तक म्हणजे २०.६ हर्ट्झ, ते कुठल्याच बिनमधून निघत नाही आणि पेडलला पण तिथं सूर धरता येत नाही. डी तारेच्या सातव्या फ्रेटवर ११० हर्ट्झचा ए वाजवला की खाली ५५ चा एकदम स्वच्छ मिळतो. म्हणून हात वर सरकवून वाजवा.

कोरस, फ्लँजर, मल्टी इफेक्ट घरीच. मल्टी इफेक्ट आणि आणखी एक पेडल एकाच अडॅप्टरवर माळेसारखे जोडले होते तेव्हा बारीक शिट्टी यायची, वेगळ्या आउटपुटचा पॉवर सप्लाय घेतला अन् गेली. ९ व्होल्ट, सेंटर निगेटिव्ह, प्रत्येक पेडलला किती मिलिअँपिअर लागतात ते मागं लिहिलेलं असतं, बघून घ्या.

आणि हे मनापासून सांगतो. गुणगुण घालवायला अँपच्या प्लगची अर्थिंगची पिन कापणारे लोक मी बघितलेत. करू नका. डीआयवर ग्राउंड लिफ्टचं बटण असतं ते फक्त सिग्नल केबलची ग्राउंड तोडतं, लूपसाठी तेच दाबा. स्टेजवर चढल्यावर मी आधी टेस्टर माइकच्या जाळीला लावून बघतो, पेटला तर बेस बॅगेतून काढतच नाही. तारांवर हात आणि ओठ माइकला, मधे आपलं अंग. जनरेटरवाल्याला सांगून अर्थिंगची सळई ठोकून त्यात पाणी ओतायला लावतो, दहा मिनिटं उशीर झाला तरी चालतो, आता आमच्या पार्टीत हे सगळ्यांना पटलंय.

गणपतीत सात कार्यक्रम झाले या सेटवर. सेलूला पुन्हा पांढरी पाच निघाली, तिसऱ्या फ्रेटवरचा जी पूर्ण चार मात्रा धरून ठेवला, सूर हलला नाही.

सध्या फ्लॅटवाउंड (वरून गुळगुळीत) तारा लावून तीन आठवडे झालेत. बोट सरकल्याची किरकिर गेली, सूर जरा ठेंगणा, गोल झालाय, पखवाजाच्या जवळचा. पण जोरात चालणाऱ्या गाण्यांना धार कमी पडायलीय, ब्लेंड नऊवरून अकरावर नेऊन बघतोय. कुणी फ्लॅट लावून ऑक्टोपॅडसोबत मांडवात वाजवत असाल तर तुमचा मिड कुठं आहे ते सांगा.