आधी कमेंट, मग व्हिडिओ

व्हिडिओ सुरू केला की माझं बोट आधी खाली जातं. माणूस अजून "नमस्कार मित्रांनो" म्हणत असतो, तोवर मी चार-पाच कमेंट वाचून मोकळी. त्यातल्या एखाद्या भल्या जिवाने "कामाचं 6:40 पासून" असं लिहून ठेवलेलं असतं. त्या निळ्या आकड्यावर टिचकी मारली की प्रस्तावना, सबस्क्राइब करा, घंटी दाबा, सगळं एका उडीत पार. लिहिणाऱ्याला यातून दमडीचाही फायदा नाही, तरी लिहितो.

"कमेंट वाचत जाऊ नकोस, नुसती घाण असते," हा सल्ला मला अधूनमधून मिळतो. घाण असते, नाही असं नाही. 2008 मध्ये यूट्यूबने चक्क एक बटण दिलं होतं: कमेंट टाकण्याआधी ती मोठ्याने वाचून दाखवणारं. मूळ कल्पना एका व्यंगचित्रातली. आपण काय लिहिलंय ते ऐकलं तर माणूस ओशाळेल अशी. पण माझ्या मते माणसांच्या स्वभावाला फार दोष देण्यात अर्थ नाही. माणसं सगळीकडे तीच असतात. साइटने हातात कुठलं बटण दिलंय आणि वर काय दाखवायचं ठरवलंय, त्यावर ती कशी वागणार हे ठरतं.

उदाहरण द्यायचं तर 2013 चं. तेव्हा यूट्यूबवर कमेंट करायला गूगल प्लसचं, म्हणजे गूगलच्या तेव्हाच्या फेसबुकसारख्या साइटचं, खातं सक्तीचं झालं. खरं नाव दिसलं की लोक सभ्य होतील असा हिशोब असावा. झालं भलतंच. जुनी पाचशे अक्षरांची मर्यादा गेली, मग लोकांनी अक्षरं जोडून रणगाडे आणि सैनिक काढले आणि जो व्हिडिओ दिसेल त्याखाली डकवले. साइटच्या संस्थापकांपैकी एक जावेद करीम, ज्यांनी 2005 मध्ये तिथला पहिला, 19 सेकंदांचा व्हिडिओ टाकला होता, त्यांनीही वैतागून विचारलं की कमेंट करायला गूगल प्लसचं खातं कशाला लागतं. 2015 मध्ये ही सक्ती गुंडाळली. नाव लावून शिव्या देणारे मी फेसबुकवर रोज बघते, तेव्हा मला तरी त्यात नवल वाटत नाही.

मी स्वतः शिलाई मशीन दुरुस्तीचे व्हिडिओ टाकते. चॅनल लहान आहे, त्यामुळे प्रत्येक कमेंट वाचणं जमतं. आणि इथेच मला नोव्हेंबर 2021 चा निर्णय खटकतो. तेव्हापासून डिसलाइकचा आकडा फक्त व्हिडिओ टाकणाऱ्याला दिसतो, बघणाऱ्याला नाही. कारण सांगितलं की लहान चॅनलांवर लोक ठरवून डिसलाइकचा मारा करतात. मान्य, माझ्यासारखीच्या सोयीचंच आहे ते. पण मशीन उघडून बसलेल्या माणसाला तो आकडा कामाचा होता. कुणी चुकीचा स्क्रू पिळायला सांगत असेल, तर अंगठे खाली दिसायचे आणि माणूस वेळीच थांबायचा. आता तोच इशारा कमेंटमध्ये शोधावा लागतो, आणि नको असलेली कमेंट उडवायचं बटण चॅनलवाल्याच्याच हातात असतं!

शिवाय "टॉप" लावून बघितलं तर वर येतात ते विनोद. "हा व्हिडिओ अजून कोण कोण बघतंय?" याला शेकडो लाइक. दुसऱ्याची गाजलेली कमेंट जशीच्या तशी उचलून चिकटवणारी बॉट खाती असतातच. म्हणून मी नेहमी "नवीन आधी" लावते, आणि जुन्या, कमी बघितलेल्या व्हिडिओंखाली जास्त वेळ घालवते. माल तिथे असतो.

माझ्याच एका व्हिडिओखालचा हा प्रसंग. एका ताईंनी विचारलं होतं, "नवीन सुई लावली तेव्हापासून मशीन टाके सोडतंय, काय करू?" मी उत्तर लिहायच्या आत एका काकांनी लिहिलं: "सुईला एका अंगाला लांब खाच असते. दोरा ज्या बाजूने ओवता, ती खाच त्या बाजूला आली पाहिजे. नखाने चाचपून बघा." एवढंच. नखाने चाचपून बघा, हे माझ्या बारा मिनिटांच्या व्हिडिओत कुठेच नव्हतं. पुढे तिसऱ्याने खाली दोऱ्याचा गुच्छा होतो म्हणून विचारलं, तर पहिल्या ताईंनीच सांगितलं की वरचा दोरा ओवताना फूट (कापड दाबून धरणारा भाग) वर उचलून ठेवा, नाहीतर दोरा ताण देणाऱ्या टेन्शनच्या चकत्यांमध्ये बसतच नाही. तोवर त्या शिकवायला लागल्या होत्या.

जपानच्या निकोनिको या व्हिडिओ साइटवर 2006 पासून कमेंट खाली नसतात, थेट चित्रावरून उजवीकडून डावीकडे धावत जातात. कुणी काल लिहिलेलं, कुणी वर्षापूर्वीचं, पण त्याच क्षणी उमटतं, त्यामुळे सगळे शेजारी बसून हसताहेत असं वाटतं. चीनच्या बिलीबिलीने तीच पद्धत उचलली, आणि पूर्ण सदस्य व्हायचं तर शंभर प्रश्नांची परीक्षा ठेवली, त्यात कमेंटचे शिष्टाचारही आले. मला ते धावतं प्रकरण दोन मिनिटांत डोकेदुखी वाटलं. सुईच्या खाचेवरून अक्षरं पळत गेली तर खाच दिसणार कशी? परीक्षा मात्र आवडली. माझ्या चॅनलला ठेवता आली असती तर पहिला प्रश्न असता: व्हिडिओ शेवटपर्यंत बघितलात का?

एक गंमत बऱ्याच जणांना माहीत नसते. चॅनलवाल्याने कमेंटला लाल बदाम दिला आणि आनंदाच्या भरात लिहिणाऱ्याने कमेंट एडिट करून "बदामाबद्दल धन्यवाद ताई" जोडलं, की बदाम गायब होतो. मग "ताई, बदाम का काढला?" अशी दुसरी कमेंट येते. मी समजावते आणि पुन्हा देते.

त्रास देणाऱ्यांसाठी "वापरकर्त्याला लपवा" अशी सोय आहे. त्याला स्वतःची कमेंट नेहमीसारखी दिसते, बाकी कुणालाच दिसत नाही. एक गृहस्थ माझ्या प्रत्येक व्हिडिओखाली "बायकांना मशीनमधलं काय कळतं" असं लिहायचे. मी वाद घातला नाही, लपवून टाकलं. ते अजूनही लिहीत असतील, मी काही बघायला जात नाही. कमेंट बंद करून टाक, असंही काहींनी सुचवलं होतं. मग त्या काकांनी खाचेचं कुठे लिहायचं?