आमची वाटचाल : उद्यमनगरच्या लेथपासून काचेच्या सीलपर्यंत

वडिलांचं कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथचं दुकान होतं. ऑइल इंजिनांचे सुटे भाग करून द्यायचे. ते काम आटत गेलं, तेव्हा एका जुन्या गिऱ्हाइकानं विचारलं, पोलादी रिंगा एवढ्या चांगल्या काढता, तर त्यात काच ओतून मधे पिन बसवून द्याल का? कॉम्प्रेसरच्या टर्मिनलसाठी, म्हणजे वीज आत नेणाऱ्या पिनांच्या जोडासाठी हवं होतं. तिथून आम्ही काचेत पडलो. आज गोकुळ शिरगावला शेड आहे, नायट्रोजनवर चालणारी बेल्ट भट्टी आहे. विस्ताराचं सांगण्यासारखं एवढंच.

खरं सांगायचंय ते काचेचं. काचेतून वीज जात नाही, असं सगळेच धरून चालतात. गार काचेपुरतं ते बरोबर. तापली की तिच्यातले सोडियमचे आयन सरकू लागतात आणि त्यांच्याबरोबर विद्युतभारही. एमिल वारबुर्ग या जर्मन शास्त्रज्ञानं हे 1884 मध्येच दाखवून दिलं होतं. त्यामुळे टर्मिनल गरम जागी बसणार असेल, तर काचेत काय घातलंय हे आधी बघावं लागतं. 250 अंश सेल्सिअसला शिसं-पोटॅशच्या काचेचा रोध साध्या सोडा-लाइम काचेच्या हजारो पट असतो. गंमत म्हणजे सोडियमचा काही वाटा काढून तिथं पोटॅशियम घातलं, तर एकूण अल्कली (सोडियम-पोटॅशियम मिळून) तेवढीच राहूनही वहन घटतं. अरुंद बोळात समोरासमोर आलेल्या दोन बैलगाड्यांसारखे ते एकमेकांना अडवतात. आता बऱ्याच जणांना शिसं नको असतं, म्हणून आम्ही बेरियमची काच जास्त वापरतो.

पण काच तीच, रिंग तीच, पिन तीच, तरी गरम चाचणीत दोन खेपांचे आकडे वेगळे येतात. ती करामत भट्टीच्या उतारावरची, म्हणजे काच किती वेगानं गार होते त्याची. झटकन गार केलेली काच सैल गोठते, सोडियमला हलायला वाव राहतो. सावकाश उतरवली की आतलं अणूंचं जाळं आवळतं आणि रोध काही पट चढतो. ॲनिलिंग, म्हणजे काच अशी सावकाश गार करणं, फक्त तडे जाऊ नयेत म्हणून करतात, हा समज आमच्या धंद्यात फार पसरलाय. उलट काही बोरोसिलिकेट काचा नको तितका वेळ तापत ठेवल्या, तर तडा न जाताही आतल्या आत दोन वेगळ्या काचांत विभागतात. सोडियमचा भाग सलग राहिला, तर विजेची गळती वाढते. म्हणजे भट्टीत जास्त वेळ ठेवलं म्हणजे चांगलंच झालं, असंही नाही.

पावसाळ्याचं दुखणं वेगळं. आपल्याकडे जूननंतर हवा इतकी दमट होते, की काचेवर पाण्याचा पातळ थर धरतो आणि चांगला मालही नापास दिसतो. पिनेभोवतीची काच स्पिरिटनं पुसून, वाळवून पुन्हा मेगर (रोध मोजायचं यंत्र) लावायचा. आकडा चढला तर गळती वरची होती, काच निर्दोष.

भाव पाडून मागणारे हमखास म्हणतात, बेल्ट जरा पळवा की, भाऊ. पळवत नाही, काच झटकन गार होते. तसा माल गार असताना मेगरला पासही होईल, म्हणून प्रत्येक खेपेतले नमुने आम्ही तापवूनच मोजतो.